साक्ष द्यायला बोलावलं आहे

देऊळघाट,
२४ ऑक्टोबर २०२४
(हे पत्र टाकलं नाही.)

प्रिय दादा,

तुम्हाला प्रभूच्या नावात बहिणीचा सलाम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर आलेलं सगळं आधी आरोही बघते, म्हणून कागदावर लिहिते आहे. तुमची सून गुणाची आहे, पण हे तिने वाचायचं नाही. हे तिच्या नवऱ्याबद्दल आहे.

९ तारखेला आल्हाद माझ्याकडे येऊन गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुकानातून ठिबकच्या नळ्या पोचवायला पिकअप घेऊन इकडे आला होता. आत्याकडे जेवून जातो म्हणाला. ड्रायव्हर गुलाबराव सोबत होता. दोघंही जेवले. मला दळण आणायचं होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत गेले. तिथे आल्हादने गुलाबरावकडून चावी मागून घेतली. त्याचं लायसन अजून कच्चंच आहे. मला म्हणाला, "आत्या, पाह्य आता माहा हात कसा बसला." गुलाबराव बाजूला बसला. मी हात केला आणि गाडी निघाली. वळणावर आमच्या गावच्या भिमाबाई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत होत्या.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बत्तीस वर्षं नर्स होते, अशा वेळी आधी घड्याळ बघायची सवय जात नाही.

भिमाबाईंना गुलाबरावने आणि मी उचलून गाडीत घातलं. आल्हाद रस्त्याच्या कडेला बसून राहिला. बुलढाण्याच्या दवाखान्यापर्यंत गाडी गुलाबरावनेच चालवली. तिथे सगळ्यांनी त्यालाच स्टेअरिंगवर पाहिलं, आणि मी पेशंटसोबत आत असताना बाहेर त्याने पोलिसांना सांगून टाकलं की गाडी मीच चालवत होतो. आल्हादने त्याचे पाय धरले होते म्हणे. बाईच्या मांडीचं हाड मोडलं आहे, दंड भरून भागेल, असं त्याला सांगितलं. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी गप्प राहिले. कोणी विचारलं नव्हतं, हे माझं कारण होतं.

१८ तारखेला भिमाबाई गेल्या. आता ते दंडावर भागणार नाही.

परवा गुलाबरावची बायको शालूबाई आली. ओट्यावर बसली, पाणी नको म्हणाली. तिने एवढंच विचारलं, "बाई, तुमी तं फाट्यावरच होत्या. गाडी कोन चालवत होतं?" मी म्हटलं, मला नीट आठवत नाही. ती उठून गेली. तिला उत्तर मिळालं होतं, दादा. मोतीबिंदू माझ्या डाव्या डोळ्यात आहे, आठवणीत नाही, हे तिलाही कळतं.

त्याच दिवशी संध्याकाळी हवालदार येऊन सांगून गेले, "बाई, तुमाले साक्ष द्या लागते." मी ताप आहे म्हणून सांगितलं. ताप नव्हता. दिवाळीनंतरच्या सोमवारी, ४ तारखेला या म्हणाले.

मी काय करू ते सांगा. आल्हादला मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्याची नाळही कापायची होती. आणि आईबाबांनंतर मला तुमच्याशिवाय कोण आहे?

शैलजा


देऊळघाट,
२५ ऑक्टोबर २०२४

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात सलाम.

मी बरी आहे. सोयाबीन सगळ्यांची निघाली, आता कापूस वेचणी चालू आहे. तुमच्याकडे वडनेरला काय परिस्थिती?

एक विचारायचं होतं. मला साक्ष द्यायला बोलावलं आहे. मनाची तयारी होत नाही. काय बोलावं, किती बोलावं, बोलून कोणाचं भलं होणार आहे, काही समजत नाही. प्रार्थना करते, पण उत्तर येत नाही. तुम्ही चाळीस वर्षं चर्चच्या मंडळीत वचन सांगता. मोठे भाऊ म्हणून सांगा.

घरी सगळ्यांना सलाम.

शैलजा


वडनेर भोलजी,
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय भगिनी शैलजा,

ख्रिस्ताची शांती तुझ्या घरात राहो.

तुझं पत्र आज मिळालं आणि आजच उत्तराला बसलो. कापणीचा सण जवळ आला की तुमच्या बुलढाण्याच्या मंडळीत प्रभूचे अनुभव सांगायच्या साक्षी सुरू होतात, आणि दरवर्षी पाळकसाहेब तुला विनवतात, आणि दरवर्षी तू स्वयंपाकाच्या गडबडीत सापडतेस. भात उतू गेला म्हणून गेल्या वर्षी पळालीस. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून मी सांगणंच सोडलं होतं. यंदा निदान मनाची तयारी होत नाही इतकं तरी म्हणालीस. हीसुद्धा प्रगती आहे.

तर ऐक. साक्ष म्हणजे भाषण नव्हे. आपल्या लोकांना वाटतं, उभं राहावं आणि प्रभूने मला आजवर सांभाळलं, पुढेही सांभाळील, असं म्हणून खाली बसावं. ही साक्ष नाही, ही पोचपावती आहे. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगावं. पाहिलं तेवढंच सांगावं, न पाहिलेलं जोडू नये आणि पाहिलेलं गाळू नये. बोलून कोणाचं भलं होणार, हे ठरवणं साक्षीदाराचं काम नव्हे. ते ज्याचं आहे त्याच्यावर सोड.

उत्तर येत नाही म्हणतेस. अगं, काय करायचं ते मनातून माहीत असलं की देव पुन्हा पुन्हा सांगत बसत नाही. मास्तर होतो तेव्हा शाळेत मीही असंच करायचो. उत्तर येत असूनही जो हात वर करत नाही, त्याच्याकडे बघून गप्प उभा राहायचो.

विश्वास म्हणजे पुढचं दिसणं नव्हे. पुढचं दिसत नसताना पाऊल टाकायचं, आणि खाली जमीन असेल हे त्याच्यावर सोडायचं.

इथे बरं आहे. गुलाबरावच्या त्या अपघातामुळे आल्हाद फार उतरला आहे, दुकानात लक्ष नाही. गुलाबरावसाठी प्रार्थना कर. गरीब माणूस, नसत्या फेऱ्यात सापडला.

तुझा भाऊ,
चिंतामण


देऊळघाट,
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. काल सोमवारी मी साक्ष दिली.

कापणीचा सण १७ तारखेला आहे, दादा. मी पोलीस ठाण्यात गेले होते. ९ तारखेला गाडी आल्हाद चालवत होता. फाट्यावर त्याने गुलाबरावकडून चावी घेतली तेव्हा मी हाताच्या अंतरावर उभी होते. हे सगळं तुम्हाला आधी लिहिलं होतं, पण ते पत्र टाकायचा धीर झाला नाही. मग दुसरं लिहिलं, त्यात साक्ष एवढाच शब्द ठेवला. तुमचा गैरसमज होईल हे मला लिहितानाच कळत होतं. झाला. मी तो होऊ दिला. भावाशी मी लबाडी केली, आणि त्याची क्षमा मागते.

पण तुमचं पत्र मी चार दिवस वाचत होते. चुकीच्या साक्षीबद्दल होतं, तरी त्यातलं एकही वाक्य दुसऱ्या साक्षीला लागू नाही असं सापडलं नाही. सापडावं म्हणून मी फार शोधलं, हेही खरं सांगते.

ठाण्यात दीड तास लागला. शिपाई लिहीत होता, त्याचा हात हळू चालत होता. मी दोन वाजून दहा मिनिटं म्हटलं तेव्हा त्याने वर पाहिलं. शेवटी वाचून दाखवलं, मी सही केली. सगळे म्हणतात, अशा वेळी मनावरचं ओझं उतरतं. तसं काही झालं नाही. बसस्टँडवर आले, लिंबू सोडा घेतला आणि घरी आले. प्रभू सोबत होता का, तर काही जाणवलं नाही. होता असं धरून चालले आहे.

आल्हादवर माझी माया कमी झालेली नाही. त्याला सांगा, किंवा सांगू नका. तुम्ही ठरवाल ते.

रागवा, पण लिहा.

शैलजा


वडनेर भोलजी,
११ नोव्हेंबर २०२४

शैलजा,

पत्र मिळालं.

मी मंडळीतल्या साक्षीबद्दल लिहिलं होतं. माझे शब्द उचलून तू माझ्याच घरावर टाकलेस. आपलेच दात आणि आपलेच ओठ असतात, तेव्हा माणूस थांबतो. तू थांबली नाहीस.

गुलाबरावने स्वतः कबूल केलेलं असताना तुला मधे पडायचं कारण नव्हतं. आता त्यानेही जबाब फिरवला आहे. आल्हादला दोन वेळा ठाण्यात बसवलं. त्याचं म्हणणं आहे की गाडी गुलाबरावच चालवत होता. वकिलांनी सांगितलं आहे, तुझ्या डोळ्यांचे कागद मागवतील. मोतीबिंदू झालेल्या बाईला पन्नास हातांवरून काय दिसलं, असं कोर्टात विचारतील. ड्रायव्हरवर तर कोणी विश्वास ठेवणारच नाही. तेव्हा तुझ्या साक्षीने काय मिळालं, याचा विचार कर.

आरोही जेवत नाही. यापुढे पत्र पाठवू नये.

चिंतामण


देऊळघाट,
२६ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात सलाम, आणि नाताळच्या शुभेच्छा.

पाठवू नये असं लिहिलं होतंत. मी नाताळपर्यंत पाळलं.

यंदा तुमच्याकडून फराळाचा डबा आला नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी मंगळवारी एसटीची वेळ झाली तेव्हा मी फाट्यावर जाऊन आले. करंज्या मी केल्याच नव्हत्या. दरवर्षी तुमच्याकडच्या येतात म्हणून सवयच नाही.

मंडळीत दोन तट पडले आहेत. काही जण माझ्या शेजारी बसतात, काही मागच्या बाकावर जाऊन बसतात. एका पंचांनी समजावलं, बहिणी, आपण आधीच मूठभर लोक, आपल्यातलं आपल्यात ठेवावं, बाहेर नाव जायला नको. मी म्हटलं, भिमाबाई बाहेरच्याच होत्या. पाळकसाहेबांनी सणाला मला साक्ष द्यायला सांगितलंच नाही. मी वाढायला उभी राहिले. यंदा भात उतू गेला नाही.

डोळ्यांची तपासणी झाली. डावा अधू आहे, उजवा चष्म्याने ठीक आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. तरी वकील ते ताणतील. गुलाबराव जामिनावर आहे, पण त्याला कोणी गाडीवर घेत नाही. शालूबाई कापूस वेचायला जाते. मला दिसली की थांबते, मग पुढे जाते. भिमाबाईंची जाऊ गीताबाई परवा येऊन गेली. तिला एवढंच कळून घ्यायचं होतं, शेवटच्या वेळी ती काही बोलली का. गाडीत होते तोवर भिमाबाई वैरणीचा भारा कुठे राहिला ते विचारत होत्या. मी तसंच सांगितलं.

तुम्ही विचारलं होतंत, साक्षीने काय मिळालं. मी विचार केला. काही मिळालं नाही. भाऊ गेला, भाचा गेला, आणि गुलाबराव होता तिथेच आहे. पूर्वी मी प्रार्थनेत यादी वाचायचे, ह्याला बरं कर, त्याला नोकरी दे. आता बसते नुसती. सकाळी पाच वाजता हजेरी लावते आणि उठते. माझा विश्वास वाढला की सुकला, मला सांगता येत नाही. पण आधी मला देव सुखरूप ठेवील एवढंच ठाऊक होतं. आता तो ठेवो न ठेवो, त्याच्याशी खोटं बोलायला नको वाटतं. याला तुम्ही काय म्हणाल कोण जाणे.

तुमची फार आठवण येते, दादा. हे साधं आहे म्हणून शेवटी लिहिलं.

शैलजा


वडनेर भोलजी,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शैलजा,

सलाम. यापुढे काय लिहावं, हे तीन कागद फाडल्यावरही सुचलं नाही, म्हणून जे घडलं ते सांगतो.

तू माझी क्षमा मागितलीस, माझा गैरसमज होऊ दिलास म्हणून. माझा गैरसमज झाला नव्हता. तुझी साक्षीची ओळ वाचली आणि कोणती साक्ष ते मला कळलं. कारण गाडी कोण चालवत होतं, हे मला ९ तारखेच्या संध्याकाळपासूनच माहीत होतं.

आल्हाद घरी आला आणि माझ्यासमोर बसला. मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलावं, तर शेजारपाजार ऐकेल. त्याने बिलबुकातला कागद फाडला आणि त्यावर लिहून दाखवलं. गाडी मी चालवत होतो, गुलाबरावने स्वतःवर घेतलं आहे, बाबा काय करू. मी वाचलं. त्याला म्हटलं, जेवून घे. यापलीकडे मी त्याला काही सांगितलं नाही, शैलजा. तो कागद मी माझ्या पवित्र शास्त्राच्या पुस्तकात ठेवला आणि रोज सकाळी त्याच पुस्तकातून घरच्यांना वाचून दाखवत राहिलो.

मग तुझं पत्र आलं. खोटं बोल असं मला लिहिता येईना आणि खरं बोल असंही लिहिता येईना. म्हणून मी सोंग घेतलं. सणाची साक्ष, उतू गेलेला भात, सगळं मुद्दाम लिहिलं. दादाला कळलेलं नाही, किंवा कळून घ्यायचं नाही, असं समजून तू गप्प बसशील, हा माझा हिशोब होता. पण चाळीस वर्षांची सवय वाईट. लेखणी चालायला लागली की उपदेश आपोआप उतरतो, आणि तो उपदेश खरा होता. लिहून झाल्यावर मी वाचून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर टाकलं नसतं.

नंतर तुझ्यावर रागावलो, कारण मी शिकवलेलं कोणी तरी केलं होतं. तुझ्या डोळ्यांबद्दल जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. वकिलाने ते सुचवलं तेव्हा शेजारी बसून मान डोलावणारा मी होतो.

आयुष्यभर लोकांना सांगितलं, देवावर सोडा. दुष्काळ सोडा, आजार सोडा, पेन्शनचं प्रकरण सोडा. स्वतःचं पोर मात्र मी त्याच्यावर सोडलं नाही. मला वाटलं, देवाच्या हातात दिलं तर तो त्याला वाचवणार नाही. माझा विश्वास एवढाच होता.

तुझं नाताळचं पत्र महिनाभर खिशात होतं. खोटं बोलायला नको वाटतं, असं तू लिहिलं आहेस. याला मी काय म्हणेन असं विचारलं आहेस. मला तसं वागता येत नव्हतं, म्हणून त्याला नाव देता येत नाही.

मागच्या सोमवारी मी आल्हादला तो कागद दाखवला आणि सांगितलं, बुधवारी मी हा घेऊन जातो आहे, तू आधी गेलास तर बरं. तो रडला. मग म्हणाला, "बाबा, मले वाटलं, तुमी तो कवाच फाडला." बुधवारी सकाळी मी निघालो तेव्हा तो घरातच होता. मलकापूरहून बुलढाण्याची गाडी धरली. ठाण्यात मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी प्रश्न लिहून दिले आणि मी उत्तरं लिहून दिली. शाळेच्या परीक्षेसारखं झालं. कागद जमा केला. बाहेर आलो तर आल्हाद बाकावर बसला होता, मागच्या गाडीने आला असावा. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. उठून आत गेला.

देऊळघाट तिथून जवळ आहे. तुझ्याकडे यावं असं मनात आलं होतं, पण एका दिवसात दोनदा तोंड दाखवायचं धैर्य माझ्याजवळ नव्हतं.

पुढे काय होईल ते माहीत नाही. गुलाबराव सुटेल असं वकील म्हणतात. आल्हादला शिक्षा होईल, किती ते कोणी सांगत नाही. तो घरात आहे तोवर आम्ही एकत्र जेवायला बसत नाही, आधी तो जेवतो, मग मी. आरोही दोघांनाही वाढते. कालपासून ती सकाळच्या प्रार्थनेला येऊन दारात उभी राहते. आत येत नाही.

आज रविवार. उपासनेनंतर आमच्या पाळकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कागदावर लिहून दाखवलं, पुढच्या रविवारी साक्ष तुम्ही द्या, पुष्कळ वर्षं झाली. मी खाली लिहिलं, बुधवारी दिली.

त्यांना काही कळलं नाही. तुला कळेल.

तुझा भाऊ,
चिंतामण